साडेतीन वर्षांच्या मुलाचे ‘खोटे खोटे’ खेळ: घरातले कोणते साहित्य द्यावे?

कांदिवलीची आई

नमस्कार. आजोबांबरोबर बेस्टच्या बसने जायला लागल्यापासून माझा साडेतीन वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी सोफ्यावर उशा मांडून कंडक्टर होतो, सगळ्यांना तिकिटे वाटतो आणि ‘पुढे चला, पुढे चला’ असे ओरडत घरभर फिरतो. विकत आणलेल्या प्लास्टिकच्या किचन सेटकडे मात्र तो ढुंकूनही पाहत नाही. त्याचा हा खेळ आणखी फुलावा असे मनापासून वाटते. आमचे घर वन बीएचके आहे, त्यामुळे फार पसारा मांडता येत नाही. घरातल्या कोणत्या वस्तूंपासून साहित्य करावे, मोठ्यांनी खेळात किती उतरावे आणि तो रोज तोच खेळ खेळतो याची काळजी करावी का, हे कृपया जाणत्यांनी सांगावे.

परळची बालवाडीताई

ताई, काळजीचे काहीच कारण नाही. उलट तुमचा मुलगा वयाला साजेसे काम अगदी मन लावून करतो आहे. साधारण दीड वर्षाचे मूल रिकाम्या कपातून चहा प्यायल्यासारखे करते, पण त्यासाठी त्याला कपच लागतो. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास लाकडी ठोकळ्याचा फोन होऊ लागतो आणि तीन-चार वर्षांचे मूल स्वतःच कोणीतरी होते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी काठीचा घोडा करणाऱ्या मुलाचे उदाहरण देऊन दाखवले, की अशा खेळात मूल वस्तू आणि तिचा अर्थ एकमेकांपासून सुटे करायला शिकते. म्हणूनच साहित्य थोडे अपुरे असावे असे माझे ठाम मत आहे. किचन सेटमधली प्लास्टिकची कढई कढईच राहते, पण पुठ्ठ्याचे खोके आज बस असते आणि उद्या दवाखाना.

तुमच्या कंडक्टरला खांद्यावर अडकवायला एक जुनी पर्स, पाठकोऱ्या कागदाच्या पट्ट्या आणि कपडे वाळत घालायचा एक चिमटा द्या. चिमट्याने पट्टीची कड दाबली की तिकीट फाडल्याचे पुरेसे समाधान मिळते. पैसे म्हणून पुठ्ठ्याच्या मोठ्या चकत्या कापाव्यात. बोर्डीला १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बिया, शिंपले, पाने, काड्या असे परिसरात मिळणारे साहित्यच बालवाडीत आणले होते. आपल्याकडे परिसर म्हणजे खोकी, ओढण्या आणि रिकामे डबे.

आता मोठ्यांच्या सहभागाविषयी, कारण खेळ बहुधा इथेच मोडतो. मूल तिकीट देत असताना ‘हा कोणता रंग? किती तिकिटे झाली?’ असे विचारले की खेळाची परीक्षा होते. त्यापेक्षा तो जी भूमिका देईल ती घ्या आणि तिच्यातूनच एखादी अडचण पुढे करा. ‘मला दादरला जायचे आहे, पण माझ्याकडे सुट्टे नाहीत,’ एवढे म्हणून गप्प बसा. तो रागावेल, उधार देईल किंवा तुम्हाला खाली उतरवेल. जे करेल ते मान्य करा. रोजचा खेळ एकच वाटला तरी नीट पाहिलेत तर कालच्या बसमध्ये आज पाऊस गळत असतो किंवा एखादी गर्भवती बाई उभी असते आणि तिला जागा द्यायची असते.

गिरगावची आजी

बालवाडीताईंचे म्हणणे पटले. माझी पाच वर्षांची नात सध्या कोळीण होते. जुन्या वहीच्या पानांची पापलेटे कापून ती स्टीलच्या ताटात ओळीने मांडते, वरून पाणी शिंपडल्यासारखे करते आणि मी भाव पाडू लागले की ताट चक्क झाकून ठेवते. हे तिला कोणी शिकवले नाही. आईबरोबर बाजारात उभी असताना तिने ते टिपले आहे. म्हणून मुलांना बाजारात, गिरणीत, टपाल कचेरीत बरोबर न्यावे, कारण खेळायला आधी काही पाहिलेले असावे लागते. भातुकली मुलग्यांनाही जरूर द्यावी, मात्र त्यात घरातली खरी छोटी वाटी, डाव, कणकेचा गोळा आणि थोडे चुरमुरे-गूळ असावेत. जागेसाठी दिवाणाखाली एकच खोके ठेवावे आणि त्यात मावेल तेवढेच साहित्य जपावे. गणपतीच्या मखराचा पुठ्ठाही विसर्जनानंतर फेकू नये.

मुलुंडचा बाबा

सुरक्षिततेविषयी थोडे लिहितो, कारण आमच्याकडे धाकटे बाळही आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची चाचणी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याने केली जाते आणि त्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते असे मानतात. त्यामुळे बाटल्यांची झाकणे, बटणे आणि मणी खोक्यात ठेवू नयेत. जुना रिमोट फोन म्हणून देताना सेल काढून घ्यावा. त्यातला चपटा बटण-सेल गिळला गेल्यास अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. खोक्यांच्या पिना उपटाव्यात, प्लास्टिकच्या पिशव्या आणि गळ्याभोवती गुंडाळता येतील अशा लांब दोऱ्या देऊ नयेत.

कांदिवलीची आई

सर्वांचे मनापासून आभार. एकच शंका उरली आहे. रात्री अंथरुणे घालायला उशा उचलाव्याच लागतात आणि त्या वेळी तो फार रडतो. काय करावे?

परळची बालवाडीताई

त्याची बस अजून चालू असते, म्हणून तो रडतो. उशा उचलण्याच्या थोडे आधी ‘आता शेवटची फेरी’ असे प्रवासी म्हणूनच सांगा आणि मग बस डेपोत लावायचे काम त्याच्याकडेच द्या. एकेक उशी तो स्वतः नेऊन ठेवेल. उरलेली तिकिटे मात्र त्याला न विचारता फेकू नका. सकाळी तो ती मागणारच.