अनुभव धागा : ध्यानाला बसलो आणि...

परीक्षा तोंडावर आल्या की कॉलेजात कुणीतरी पाहुणे येतात, 'ध्यान करा' सांगतात आणि शाल-नारळ घेऊन जातात. बसायचं कुठं, नाही जमलं तर काय, ते कोण सांगणार? सातारा-सांगलीत शिकणाऱ्यांनी, शिकून बाहेर पडलेल्यांनी घडलं तसं लिहा. फजिती चालेल, प्रवचन नको.

सुरुवात माझी. सांगलीत इंजिनिअरिंगला होते, एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, केटी लागलेली (विषय राहिलेला). कॉट बेसिसच्या खोलीत चौघी. पहाटे भिंतीला टेकून बसले की पाचव्या मिनिटाला मान खाली. आठवडाभर हेच. रात्री दोनला निजून सहाला उठल्यावर दुसरं काय होणार? आधी झोप वाढवली, मग बसायला लागले. केटी मात्र गणितं सोडवूनच सुटली, ध्यानानं नाही.

कंदीपेढा, सातारा
मी कमवा-शिका मध्ये होतो. सरांनी सांगितलं, श्वास मोज, एक ते दहा. चुकलं की परत एकपासून. अजिंक्यताऱ्यावर जाऊन बसायचो. चारच्या पुढं आकडाच जाईना! चारला मेसचं बिल, नाहीतर बहिणीची फी. सरांना सांगितलं तर म्हणाले, "चुकलं हे कळतंय न्हवं? मग झालं की." दहापर्यंत अजूनही क्वचितच पोचतो.

भडंग, सांगली
एमपीएससीची पूर्व हुकली म्हणून इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेलो. फी नाही, शेवटी वाटेल ते दान. फोन जमा, बोलणं बंद, पहाटे चारला घंटा. पहिले साडेतीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. तिसऱ्या दिवशी मी पळून जायला पिशवी भरली होती! संध्याकाळी पाचला चहा आणि थोडं खाणं, त्यावर रात्र काढायची. श्वास राहिला बाजूला, डोक्यात नुसतं भडंग. पुढं तासभर न हलता बसायचं. गुडघा असा ठणकायचा की रडू यायचं. पण एकदा ते दुखणं न हलता आपसूक ओसरलं, हे मी स्वतः पाहिलंय. घरी तीन आठवडे टिकलं. मग क्लासची बॅच सकाळची झाली. आता वीस मिनिटं, तीही रोज नाही.

कृष्णाकाठ, सांगली
माझं उलटं झालं. 2019 च्या ऑगस्टात घरात पुराचं पाणी शिरलं, रात्र माळ्यावर काढली. तीन वर्षांनी कॉलेजात ध्यानाचा तास सुरू झाला. डोळे मिटले की तोच पाण्याचा आवाज, छातीत धडधड. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, नेटानं बस. त्रास वाढतच गेला. शेवटी डॉक्टरांकडं गेले. त्यांनी डोळे उघडे ठेवून चालायला सांगितलं, लक्ष पाऊल टेकतं तिथं. आमराईत फेऱ्या मारते. ते जमतं.

(धागा मीच काढलाय म्हणून मध्येच बोलते : असं होत असेल तर नेट लावू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.)

माणदेशी
आम्हाला ध्यान शिकवायला आले तेव्हा हसू आलं. कॉलेजच्या आधी मी दोन म्हशींची धार काढतो. डोक्यात राग घेऊन बसलं की म्हैस पान्हा चोरते आणि डेअरीची वेळ टळते. म्हणून आधी गप श्वास घेत बसतो तिच्याशेजारी. हे ध्यानात धरायचं का, तेवढं सांगा.