जास्वंदीच्या छाटकलमांची खालची पाने पिवळी पडत आहेत

प्रश्न: मुळे फुटलेली जास्वंदीची छाटकलमे कुंड्यांत लावली आहेत. आता त्यांची खालची पाने पिवळी पडून गळत आहेत, शेंडे मात्र हिरवे आहेत. नत्र कमी पडले असे समजून खत द्यावे का?

पहिले उत्तर: खताआधी माती तपासावी. बोटाची दोन पेरे खोलवर ती ओली लागत असेल, तर कारण बहुधा साचलेले पाणी आहे. कोवळ्या मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजू लागतात आणि मातीत अन्नद्रव्ये असूनही रोपाला ती घेता येत नाहीत.

दुसरे उत्तर: सहमत आहे. तथापि, रोप जुन्या पानांतील नत्र नव्या पालवीकडे वळवते, त्यामुळे नत्राची कमतरताही खालूनच दिसते, आणि घोटाळा होतो तो इथेच. लोह कमी असते, तर उलट कोवळी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या असत्या.

प्रश्नकर्ता: माती ओलीच आहे, शिवाय कुंडीचे छिद्रही बुजलेले आढळले.

पहिले उत्तर: मग छिद्र मोकळे करून वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. नवी पालवी येईपर्यंत खत टाळावे, नंतरही निम्म्या मात्रेनेच द्यावे. पिवळी पाने पुन्हा हिरवी होत नाहीत. सुधारणा शेंड्यावरच पाहावी.