साईड प्रोजेक्ट प्रकाशित करण्याआधी कंपनीची परवानगी: करारात नेमकं काय बघायचं?

फेरीधक्का

नोकरी वेर्ण्याला, अॅन्ड्रॉइड डेव्हलपर. कंपनी हॉटेल बुकिंगचं सॉफ्टवेअर करते. घरी स्वतःच्या लॅपटॉपवर एक अॅप तयार झालंय: रायबंदर–चोडण आणि जुने गोवे–दिवाडी फेरीबोटींच्या वेळा, नेट नसलं तरी चालणारं. जाहिराती नाहीत, पैसे नाहीत. प्ले स्टोअरवर टाकायचंय.

करारात दोन ओळी आहेत. एक, नोकरीच्या काळात केलेली ‘कंपनीच्या सध्याच्या किंवा संभाव्य व्यवसायाशी संबंधित’ प्रत्येक निर्मिती कंपनीची. दोन, लेखी पूर्वपरवानगीशिवाय बाहेरचं काम करायचं नाही. न विचारता अॅप टाकलं म्हणून लोकांना नारळ मिळाल्याच्या बातम्या वाचल्या आहेत. आपला वेळ आणि आपला लॅपटॉप एवढं पुरेसं आहे का?

पोर्वरी_क्लॉज

नाही, पुरेसं नाही. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बहुतेक लोक त्यांची सरमिसळ करतात. कोड कोणाचा, हा एक. नोकरी जाऊ शकते का, हा दुसरा. पहिला जिंकूनही दुसरा हरता येतो.

मालकीपासून सुरुवात करू. कॉपीराईट कायदा १९५७, कलम १७(क): नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तर. संगणक प्रोग्राम या कायद्यात साहित्यकृतीत मोडतो, म्हणून हेच कलम लागू. फेरीच्या वेळांचं अॅप हे तुमचं नेमून दिलेलं काम नव्हे, त्यामुळे नुसत्या कायद्याने पाहिलं तर ते तुमचं. पण तुमच्या करारातली पहिली ओळ कायद्याच्या पुढे जाते. कलम १८ प्रमाणे अजून न झालेल्या कामाचे हक्कही आधीच लिहून देता येतात. काम अस्तित्वात आलं की हस्तांतर लागू होतं.

आता करार उघडा आणि कलम १९ चा उल्लेख आहे का ते शोधा. कायदा म्हणतो: हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि घेणाऱ्याने १ वर्षात हक्क वापरले नाहीत तर हस्तांतर संपतं (हे कलम १९(४)). चांगल्या वकिलाने लिहिलेल्या करारात ‘कायमस्वरूपी, जगभर, कलम १९(४) लागू न करता’ असं वाक्य असतंच. ते नसेल तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे.

अमेरिकन कंपन्यांच्या इथल्या शाखांत कधी कधी कॅलिफोर्नियाच्या श्रम संहितेतल्या कलम २८७० ची सूट छापलेली दिसते: स्वतःचा वेळ, स्वतःची साधनं, आणि कंपनीच्या धंद्याशी संबंध नाही, तर निर्मिती कर्मचाऱ्याची. भारतात असा कायदा नाही. ती सूट तुमच्या सहीच्या कागदावर असेल तरच तुमची. आणि तिथेही ‘धंद्याशी संबंध’ ही अट आहेच. हॉटेल बुकिंगवाल्या कंपनीला फेरीच्या वेळा ‘प्रवास’ म्हणून स्वतःच्या धंद्यातल्या वाटू शकतात. तुमच्या बाबतीत खरी अडचण लॅपटॉपपेक्षा या शब्दाची आहे.

दुसरा प्रश्न नोकरीचा. करार कायदा १८७२ चं कलम २७ धंद्यावरचे निर्बंध रद्दबातल ठरवतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते मुख्यतः नोकरी सोडल्यानंतर उपयोगी पडतं. नोकरी चालू असतानाचा एकनिष्ठ सेवेचा निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये निरंजन शंकर गोलिकारी खटल्यात वैध धरला आहे. म्हणजे कोड तुमचाच निघाला, तरी ‘परवानगी घेतली नाही’ एवढ्यावर गैरवर्तनाचा ठपका येऊ शकतो.

अबोली

कायद्याचं वर आलंच आहे. मी फक्त यंत्राच्या खुणांबद्दल लिहिते, कारण ‘माझाच लॅपटॉप’ म्हणणाऱ्यांचं बहुधा इथेच बिनसतं.

आधी गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. रेपोत (प्रकल्पाच्या कोडसाठ्यात) ‘गिट शॉर्टलॉग’ हा आदेश एस, एन, ई या पर्यायांसह चालवा. कोणत्या ईमेलने किती कमिट (नोंदवलेले बदल) आहेत ते एका दमात दिसतं. ऑफिसच्या मशीनवर गिटच्या ग्लोबल कॉन्फिगमध्ये (सगळ्या प्रकल्पांना लागू सेटिंगमध्ये) कंपनीचा पत्ता असतो. एखाद्या दुपारी तिथे रेपोची प्रत उतरवून (क्लोन करून) एक टायपो दुरुस्त केला की तो कमिट कायमचा कंपनीच्या पत्त्यावर नोंदला जातो. असा कमिट सापडला तर इतिहास पुन्हा लिहू नका. गिटमधली तारीख कोणालाही बदलता येते, पण गिटहब या कोड ठेवायच्या सेवेच्या सर्व्हरवर पुश कधी झाला, म्हणजे बदल कधी चढवला, त्याची नोंद वेगळी राहते. दोन्ही जुळले नाहीत की साधी चूक लपवाछपवी दिसायला लागते. कमिट आहे तसा ठेवा आणि परवानगीच्या अर्जात सांगून टाका.

मग खाती. फायरबेस (अॅपमागची गूगलची सर्व्हर सेवा) प्रोजेक्ट कोणत्या गूगल खात्याखाली उघडला? नकाशाची एपीआय की (ती सेवा वापरायची सांकेतिक किल्ली) कोणाच्या बिलावर? आणि हल्ली सर्रास होणारी चूक: कोड सुचवणाऱ्या एआय साधनाचं कंपनीने दिलेलं लायसन्स घरच्या एडिटरमध्ये लॉगिन करून ठेवलेलं असतं. लॅपटॉप तुमचा, पण साधन कंपनीचं. ‘कंपनीची संसाधनं वापरली नाहीत’ हे वाक्य तिथेच खोटं ठरतं. ऑफिसच्या ब्राउझरमध्ये स्वतःचं प्रोफाइल सिंक करू नका, ऑफिसच्या व्हीपीएनवरून पुश करू नका, ऑफिसच्या चॅटवर लिंक टाकू नका.

कोडमध्ये बघायचं ते एवढंच: ऑफिसातली एखादी छोटी युटिलिटी फाईल, तारीख फॉरमॅट करणारी वगैरे, सवयीने चिकटवली आहे का? दहा ओळी असल्या तरी काढा आणि नव्याने लिहा. त्या दहा ओळी निर्विवाद कंपनीच्या असतात.

खाजन

एवढा व्याप कशाला? भावाच्या नाहीतर बायकोच्या नावाने डेव्हलपर खातं उघडायचं. निम्मे लोक तेच करतात.

पोर्वरी_क्लॉज

खाजन, हा सल्ला कृपया कोणी मानू नका. करारात परवानगीची अट असताना दुसऱ्याचं नाव पुढे केलं, की साधा नियमभंग अप्रामाणिकपणा होतो. चौकशीत याच दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पहिल्यात ताकीद देऊन सोडतात, दुसऱ्यात विश्वासच गेला म्हणून काढतात. शिवाय प्ले स्टोअर ओळखपत्र तपासून खात्यावरचं कायदेशीर नाव दाखवतं, आणि अॅपमधून पैसे घेत असाल तर पूर्ण पत्ताही. पत्ता तुमच्या घराचाच असणार.

ओपन सोर्सवाल्यांसाठी आणखी एक. बरेच प्रकल्प कमिटवर ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ मागतात. ती शोभेची नाही. लिनक्स कर्नलमध्ये २००४ पासून चालत आलेलं ते प्रमाणपत्र आहे: हा कोड देण्याचा मला हक्क आहे. तो हक्क करारानुसार कंपनीकडे असेल तर तुमचं विधान चुकीचं ठरतं आणि त्या प्रकल्पालाही तो कोड उपटून काढावा लागू शकतो.

आग्वाद

२०२२ मध्ये विप्रोने ३०० जणांना काढलं, त्याचा दाखला लोक इथे देतात. ते प्रकरण प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी एकाच वेळी काम करण्याचं होतं. त्याच वर्षी इन्फोसिसने व्यवस्थापक आणि एचआरच्या पूर्वसंमतीने बाहेरची कामं घ्यायला मुभा दिली, स्विगीनेही धोरण जाहीर केलं. म्हणजे विचारायची वाट आहे. ती नीट चालायची.

ईमेल कोणाला? करारात ‘अधिकृत प्रतिनिधी’ म्हणून जे पद लिहिलं असेल त्याला, मॅनेजर प्रतीत. मॅनेजरने कॅन्टीनमध्ये ‘अरे टाक की’ म्हटलं किंवा चॅटवर अंगठा दाखवला, ती लेखी परवानगी नव्हे. सहा महिन्यांनी मॅनेजर बदलतो आणि तो अंगठा कोणालाच आठवत नाही.

ईमेलमध्ये हे लिहा: अॅपचं नाव, ते काय करतं, आणि काय करत नाही. ‘हॉटेल, खोल्या, बुकिंग, दर यांच्याशी संबंध नाही’ हे वाक्य तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. कधीपासूनचं काम, कोणत्या मशीनवर, कोणती साधनं, परवाना कोणता, उत्पन्न किती (शून्य असेल तर शून्य). शेवटी मागणी दोन वाक्यांत आणि वेगवेगळी: कंपनी या कामावर मालकी सांगत नाही असं लिहून द्या, आणि हे बाह्य कामाच्या कलमाचा भंग नाही असं लिहून द्या. नुसतं ‘परवानगी आहे’ असं उत्तर आलं तर दुसरी गोष्ट मिळाली, पहिली नाही. पुन्हा विचारा. कोड जोडू नका, एक पानाचं वर्णन पुरे.

उत्तर न येणं म्हणजे होकार नाही. १० दिवसांनी त्याच ईमेलच्या साखळीत आठवण करा. परवानगी आली की पीडीएफ करून घरी ठेवा, कारण नोकरी सुटते त्या दिवशी मेलबॉक्स बंद होतो. (कंपनीचे इतर ईमेल मात्र बाहेर पाठवू नका, तो वेगळा गुन्हा धरतात.)

आणि परवानगी वर्णन केलेल्या अॅपचीच असते. उद्या ‘धक्क्याजवळची हॉटेलं’ असं पान जोडलंत तर नवा अर्ज करायचा.

फेरीधक्का

करारामागे ‘आधीच्या निर्मिती’ असं एक परिशिष्ट आहे, ते कोरं राहिलंय. अॅपचा सांगाडा रुजू होण्याआधीचा आहे. आणि समजा कारणे दाखवा नोटीस आलीच, तर काय करायचं?

पोर्वरी_क्लॉज

कोऱ्या परिशिष्टाचा अर्थ बऱ्याच करारांत ‘काहीही नाही’ असा लिहिलेला असतो. वाक्य तपासा. रुजू होण्याआधीचा शेवटचा कमिट शोधा, त्याचा हॅश (गिटने दिलेला ओळखक्रमांक) आणि तारीख अर्जात द्या, आणि परिशिष्टात भर घालायची विनंती करा. दोन्ही बाजूंची सही हवी. पुढे नोकरी बदलाल तेव्हा ते पान भरल्याशिवाय सही करू नका.

पाटो_श्रम

नोटिशीबद्दल. उत्तराला बहुतेक वेळा ४८ किंवा ७२ तास देतात. पहिलं उत्तर छोटं: कोणतं कलम मोडलं आणि पुरावा काय, त्याच्या प्रती द्या, तोवर मुदत वाढवा. अॅप अनपब्लिश करा. आधी घेतलेल्यांकडे ते चालू राहतं आणि कधीही परत आणता येतं. सोबत ‘आरोप मान्य न करता’ असं लिहा. रेपो पुसू नका. ऑफिसचा लॅपटॉप फॉरमॅट न करता द्या आणि अनुक्रमांक लिहिलेली पोच घ्या.

कधी कधी एका खोलीत बसवून तिथेच राजीनामा मागतात. त्या दिवशी सही करू नका. राजीनामा दिला की ‘काढलं’ हा वाद उभाच राहत नाही. आणि नोकरी सुटतानाच्या हिशेबाच्या कागदांत ‘अॅपचे सर्व हक्क कंपनीला दिले’ असं एक पान हळूच असतं. मालकीचा सगळा प्रश्न तिथे एका सहीत संपतो. प्रत्येक पान वाचा.

दाद कुठे मागायची ते कामाच्या स्वरूपावर ठरतं, पदाच्या नावावर नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तांत्रिक काम करणारे ‘कामगार’ ठरू शकतात, व्यवस्थापकीय काम करणारे नाहीत. कामगार असाल तर आरोपपत्र आणि चौकशी मागता येते. पणजीला पाटोवरच्या श्रम शक्ती भवनात श्रम आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे अर्ज द्या. व्यवस्थापकीय पदावर असाल तर खाजगी कंपनीत नोकरी परत मिळणं जवळपास अशक्य, दावा नुकसानभरपाईचा, आणि तो बहुतेक नोटीस काळाच्या पगाराएवढाच. त्याच दिवशी लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे काढल्यावर राहिलेलं वेतन २ कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं, ते लेखी मागा.

अबोली

फेरीधक्का, एक राहिलं. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले खात्याला आधी १२ जणांची सलग १४ दिवस बंद चाचणी (निवडक लोकांपुरती) घ्यावी लागते. लोक ती ‘प्रकाशन’ धरत नाहीत आणि ऑफिसातल्याच मित्रांना परीक्षक करतात. तुमच्या करारात ‘वितरण’ हा शब्द असेल तर ती चाचणीसुद्धा त्यात बसते. परवानगी हातात आल्यावरच चाचणी सुरू करा, आणि ते १२ जण चोडण-दिवाडीचे, रोज फेरीने जाणारे घ्या. रात्रीची शेवटची फेरी कितीची ते तुमच्या टीमपेक्षा त्यांनाच बरोबर माहीत असतं.

फेरीधक्का

करार पुन्हा वाचला. ‘वितरण’ आहे, कलम १९(४) चा उल्लेख नाही. आजच ईमेल लिहायला घेतो, परिशिष्टाची विनंती त्यातच. चाचणी उत्तर आल्यावर.