अमेरिकेत वन बेडरूम कॉन्डो: घेऊ का? काय काय बघू?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. आम्ही दोघंच, दोघंही एच-वनवर, आतापर्यंत भाड्याच्या घरात. शहरातच ट्रेनपासून चालत जाता येईल असा एक वन बेडरूम कॉन्डो (इमारतीतला मालकीचा फ्लॅट) बघून आलो. जुनी विटांची इमारत, तिसरा मजला, भरपूर उजेड. वस्तीत नाना देशांचे लोक आहेत, फुटपाथवरून चालताना चार भाषा कानावर पडतात. आम्हाला तेच आवडलं.

एजंटबाईंना विचारलं, इथे कोण लोक राहतात, आपले किती, वस्ती सेफ आहे ना? बाई नुसत्या हसल्या आणि किचन दाखवायला लागल्या. काही लपवतायत का? दुसरं, इथला एचओए (मालकांच्या असोसिएशनचा मेंटेनन्स) आसपासच्या इमारतींपेक्षा बराच कमी आहे. ही जमेची बाजू ना? पुढे बाळ झालं की हा भाड्याने द्यायचा आणि मोठं घर घ्यायचं असं डोक्यात आहे.

चौथामजला
बाई लपवत नाहीयेत, लायसन्स सांभाळतायत. १९६८ च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टखाली वंश, धर्म, मूळ देश बघून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं किंवा तिथून परतवणं बेकायदा आहे. 'स्टीअरिंग' म्हणतात त्याला. 'तुमचे बरेच लोक आहेत हो इथे' हे गोड वाक्यही त्यातच मोडतं. सेफ आहे का, यावरही शहाणा एजंट पोलिसांच्या वेबसाइटवरचा नकाशा बघा म्हणेल.

तेव्हा हे काम तुमचं तुम्हीच करायचं. शुक्रवारी रात्री उशिरा एक चक्कर मारा, सोमवारी सकाळी ऑफिसच्या वेळेला दुसरी. आणि इमारतीच्या लाँड्री रूममध्ये जरूर डोकवा. किती मशीनवर 'बंद आहे'चा कागद आहे, तो कागद पिवळा पडलाय का, भिंतीवरच्या सूचना विनंतीच्या सुरात आहेत की वैतागलेल्या, एवढ्यावरून शेजारी आणि मॅनेजमेंट दोन्ही कळतात.

हिशेबी
एचओए कमी आहे म्हणून खूश होऊ नका. छप्पर, लिफ्ट, जिन्यातले दिवे, इमारतीचा विमा, बरेचदा पाणी आणि हीटिंगसुद्धा त्यातूनच भागतं. जुन्या इमारतीत हा खर्च कमी असायचं कारणच नाही. म्हणजे एक तर कामं पुढे ढकलली जातायत, नाहीतर रिझर्व्हमध्ये, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या पैशांत, खडखडाट आहे. मग एक दिवस स्पेशल असेसमेंटचं, म्हणजे मालकांनी भरायच्या जादा वर्गणीचं, पत्र येतं.

फ्लोरिडात सर्फसाइडला २४ जून २०२१ ला १२ मजली कॉन्डो इमारतीचा मोठा भाग कोसळला, ९८ माणसं गेली. तिथे सुमारे दीड कोटी डॉलरच्या दुरुस्तीचा बोजा मालकांवर यायचाच होता, त्यावरून वाद चालू होते. तेव्हापासून लेंडरही इमारतीबद्दल खोदून खोदून विचारतात. बजेटच्या किमान १० टक्के रिझर्व्हला जातात का, हा फॅनी मेचा (लेंडरकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थेचा) जुना निकष आहे. सध्या किती धरतात ते तुमच्या लेंडरकडून घ्या. इमारत नापास झाली तर तुमचा क्रेडिट स्कोअर कितीही चकचकीत असो, कर्ज अडतं.

ऑफर देताना बजेट, रिझर्व्ह स्टडी (पुढच्या दुरुस्त्यांना किती पैसे लागतील याचा अहवाल) आणि गेल्या दोन-तीन वर्षांचे बोर्ड मीटिंगचे मिनिट्स मागा. वाचायला घ्याल तर मिनिट्सच घ्या, बाकीचं वकील बघेल. आमच्या आधीच्या इमारतीच्या मिनिट्समध्ये दर वेळी एक ओळ असायची: 'छताची गळती, पुढील बैठकीत चर्चा'. चर्चा काही झाली नाही, असेसमेंट मात्र आली. त्यातल्या त्यात बरं एवढंच की वन बेडरूमचा वाटा सहसा कमी असतो. तुमचा टक्का किती ते डिक्लेरेशनमध्ये (इमारतीच्या मूळ कायदेशीर कागदात) लिहिलेलं असतं.

उंबरठा
कर्जाचं सांगते. एफएचएच्या (सरकारी हमीच्या कर्जाच्या) नादाला लागू नका. २५ मे २०२५ पासून एच-वनसारख्या व्हिसावर असलेल्यांना ते कर्ज बंद आहे. कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमीशिवायचं, मिळतं. डाउन पेमेंट २० टक्क्यांहून कमी असेल तर पीएमआय (कर्ज बुडालं तर लेंडरला भरपाई देणारा विमा, हप्ता मात्र तुमचा) बसतो. कर्ज मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की तो काढा म्हणून लेखी मागणी करायची. गप्प राहिलात तर ७८ टक्क्यांपर्यंत भरत बसाल.

इमारतीचा विमा तुमच्या भिंतींच्या आतलं सगळं धरत नाही. एचओ-सिक्स (कॉन्डोमालकाची) पॉलिसी वेगळी घ्या आणि त्यात 'लॉस असेसमेंट' कव्हर (इमारतीच्या नुकसानीपोटी मालकांवर टाकलेल्या वाट्यासाठी) आहे ना, ते बघून घ्या.

रिकामीखुर्ची
मी जरा मोडता घालतो. पुढे भाड्याने देऊ म्हणताय, पण इमारत देऊ देईल का? बऱ्याच ठिकाणी रेंटल कॅप असते. ठरावीक घरं भाड्याने गेली की बाकीच्यांनी वेटिंग लिस्टवर बसायचं. काही ठिकाणी मालकाने आधी स्वतः ठरावीक काळ राहावं लागतं. तोंडी 'चालतं हो' वर जाऊ नका, लेखी नियम बघा.

करही आहे. विकण्याआधीच्या ५ वर्षांत मिळून २ वर्षं तुम्ही स्वतः राहिलेले असाल, तर एकट्याला अडीच लाख आणि नवरा-बायकोला मिळून पाच लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर फेडरल कर नाही. भाडेकरू ठेवून तीन वर्षांच्या पुढे गेलात की ही सवलत हातची जाते. बाळाचा विचार दोन-एक वर्षांतच असेल तर मी घेणार नाही. घेताना आणि विकतानाचा खर्चच एवढा होतो की त्यापेक्षा भाडं परवडलं.

पाटीपेन्सिल
बापरे, बरं झालं विचारलं. बाळाचं लगेच नाही, पाच वर्षं तरी इथेच. मिनिट्स आणि रेंटलचे नियम आजच मागते. लिस्टिंगवर 'पार्किंग: १' लिहिलंय, त्यात काही विचारायचं असतं का?

हिशेबी
असतं तर! ती जागा डीडेड आहे की नुसती असाइन्ड? डीडेड असेल तर घराबरोबर तुमच्या मालकीची होते. असाइन्ड असेल तर असोसिएशनची, नियमांनुसार बोर्ड बदलूही शकतं. आणि प्रत्यक्ष जाऊन गाडी लावून बघा. जुन्या इमारतींच्या मागच्या जागा अशा असतात की गाडी आत जाते, पण दार उघडत नाही.