मदत हवी आहे: नाल्याचं सांडपाणी नदीत जाण्याआधी शुद्ध कसं करावं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव कृष्णाकाठचं, वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास. गावातले दोन नाले थेट घाटाजवळ नदीला मिळतात. पावसाळ्यात कळत नाही, पण मार्चपासून पाणी काळं पडतं, वास सुटतो, डोहात जलपर्णी माजते. याच घाटावर आम्ही पोहायला शिकलो. आता मुलांना पाण्यात उतरू देववत नाही.

माणशी 135 लिटर पुरवठा आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी, या नेहमीच्या हिशेबाने रोज साधारण 27 लाख लिटर होतं. यंत्रांवर चालणारं केंद्र उभारायला निधी मिळेलही. माझी खरी काळजी पुढची आहे: पाण्यात हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं वीजबिल कोण भरणार, ऑपरेटर टिकणार का? शेजारच्या एका गावातलं केंद्र याच कारणाने बंद पडलेलं पाहिलंय.

म्हणून नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीकडे लक्ष गेलं. खडीच्या थरातून पाणी संथ वाहतं, कर्दळ-देवनळासारख्या वनस्पतींची मुळं आणि त्यांवरचे जिवाणू घाण खातात. वीज फारच कमी लागते, जागा मात्र जास्त.

कुणाच्या गावात ही पद्धत चालू आहे का? एवढ्या पाण्याला प्रत्यक्षात किती जागा लागली? खडी किती वर्षांनी तुंबते? सेप्टिक टँकचा मैला उपसणारे टँकर नाल्यातच रिकामे होतात, ते तुम्ही कसं थांबवलंत? पुढच्या महिन्यात नगराध्यक्षांना भेटायचंय, त्याआधी अनुभव कळले तर फार उपकार होतील.