बफरची जेली: दोष ग्लिसरॉलचा नाही

१०% ग्लिसरॉलच्या बफरात (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) सोडियम डीऑक्सिकोलेट हे डिटर्जंट घातल्यावर फ्रिजमध्ये जेली होते, हा दोष ग्लिसरॉलचा का, असं एकाने विचारलंय. आधी पीएच तपासा. डीऑक्सिकोलिक आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला अर्धं आम्ल विरघळणाऱ्या क्षाररूपात आणि अर्धं न विरघळणाऱ्या आम्लरूपात असतं तो आकडा, साडेसहाच्या आसपास असतो. त्यामुळे पीएच साताजवळ आला की त्याची जेली होऊ लागते, त्यात मीठ जास्त आणि थंडी असली तर अधिकच. पीएच ८ च्या वर ठेवा.

क्रमही महत्त्वाचा. आधी ट्रिस (बफरचं मूळ रसायन), मीठ, ग्लिसरॉल. मग पीएच लावायचा. डीऑक्सिकोलेटचं १०% द्रावण सगळ्यात शेवटी, ढवळत, थेंबथेंब. त्यानंतर हायड्रोक्लोरिक आम्ल अजिबात घालू नका. थेंब पडेल तिथे पांढऱ्या गुठळ्या होतात. कॅल्शियम, मॅग्नेशियमही गाळ आणतात. ते हवेच असतील तर दुसरं डिटर्जंट निवडा.

ग्लिसरॉल पिपेटला चिकटतं, म्हणून वजनावर घ्या: १०० मिलिलिटर बफरला १० मिलिलिटर, म्हणजे १२.६ ग्रॅम. गोव्यातल्या पावसाळ्यात हे फार सांभाळावं लागतं, उघडी बाटली हवेतलं पाणी ओढते आणि वजन फसवं ठरतं. झाकण लगेच घट्ट लावा. डीऑक्सिकोलेटची पूड नाकाला झोंबते, मोजताना पंखा बंद आणि मास्क हवाच.