सीएनजी कॅम्पर व्हॅन: मागचा ऑक्सिजन सेन्सर सारखा जातोय

गंगापूररोडचा भटक्या
नमस्कार मंडळी. २०२१ची बीएस-६ पेट्रोल-सीएनजी व्हॅन आहे. मागच्या सीटा काढून झोपायचा कट्टा आणि छोटा ओटा केलाय, फ्लोअरखाली पाण्याची टाकी. टाकीला जागा हवी म्हणून सायलेन्सरचा पाइप अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून वळवून घेतला. तेव्हापासून चेक इंजिनचा दिवा पाठ सोडत नाही. कोड एकच, पी०१४१, म्हणजे कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागच्या सेन्सरचा हीटर. नवा ओरिजिनल टाकला की दोन-तीन महिने सुखाचे, मग पुन्हा तेच. फ्यूज शाबूत, इंजिन चालू असताना कनेक्टरला १३.९ व्होल्ट येतात, वायर कुठे भाजलेली नाही. काढलेल्या सेन्सरचा हीटर मीटरवर ओपन दाखवतो, म्हणजे आतून तुटलेला. गाडी पळते झकास, मायलेजही तेवढंच. आमची धाव भावली, वैतरणा, फार तर भंडारदरा. गॅरेजवाला म्हणतो, सीएनजीत हे चालायचंच. मला काही पटत नाही.

सिडकोचा पिंट्या
गॅस्केटला कुठला सिलिकॉन लावला होता? सेन्सर-सेफ नसेल तर त्याची वाफ टोकावर बसते, पांढरट थर दिसतो. नाहीतर हीटर शाबूत आहे असं भासवणारा डमी रेझिस्टर सरळ टाका भो, दिवाच लागणार नाही.

द्वारका मिस्त्री
पिंट्याभाऊ, सिलिकॉनने टोक आंधळं होतं, रीडिंग मंदावतं. हीटर तुटत नाही. इथे हीटरच ओपन आहे आणि व्होल्टेज ठीक आहे, म्हणजे आतलं सिरॅमिक तडकलंय असं धरून चाला. आणि डमी लावून दिवा विझेल, पण उद्या कॅट मेलं तर सांगणार कोण?

आता तडकतं का ते. सेन्सरचं झिरकोनियाचं (सिरॅमिकचं) टोक ३०० अंशांच्या वर गेल्याशिवाय धड काम करत नाही, म्हणून तर हीटर दिलाय. त्या तापलेल्या टोकावर पाणी उडालं की कंदिलाच्या गरम काचेवर गार पाणी पडल्यासारखं होतं. पाणी येतं जळण्यातूनच. एक किलो मिथेन, म्हणजे सीएनजीतला मुख्य वायू, जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं. पेट्रोलला हाच आकडा सव्वा-दीडच्या आसपास. पाइप गरम असला तर त्याची वाफ निघून जाते, थंड असला तर आतच थेंब धरतात. तुमचा गॅरेजवाला अर्धा बरोबर आहे, सीएनजीत पाणी जास्त. पण मग कंपनीच्या सीएनजी गाड्या रोज रिक्षास्टँडपासून घोटीपर्यंत पळतात, त्यांचे सेन्सर का टिकतात?

कारण ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) अंदाज असतो की अमुक वेळात पाइप सुकेल, आणि तोवर तो हीटरला पूर्ण ताकद देत नाही. हा हिशोब मूळ पाइपावर केलेला असतो. तुम्ही पाइप बदललात, ते ईसीएमला कोण सांगणार?

दोन गोष्टी सांगा. सेन्सर आता कॅटपासून किती लांब आणि पाइपाच्या कोणत्या अंगाला आहे? आणि मुक्कामी उभ्या गाडीचं इंजिन चालवता का?

गंगापूररोडचा भटक्या
काका, आत्ता खाली शिरून बघितलं. पूर्वी कॅटच्या लगेच मागे होता, आता वळणाच्या पलीकडे, दोनेक फूट मागे. आणि पाइपाच्या पोटाशी, खालून वर घुसवलाय. वरून टाकी आडवी येते ना. इंजिनचं म्हणाल तर हो, फ्रिजची दुसरी बॅटरी चार्ज करायला सकाळी दहा-पंधरा मिनिटं आयडलवर ठेवतो.

द्वारका मिस्त्री
मग शोधायचं काही उरलं नाही. वळणाच्या खोलगटात पाणी साचतं आणि टोक त्यातच उभं आहे. थंडीत भंडारदऱ्याला आयडलवर तो भाग कधी तापतच नाही, वर हीटर मात्र वेळ झाली म्हणून पूर्ण पेटतो. सेन्सर परत कॅटच्या मागे न्या, पाइपाच्या वरच्या अंगाला. अगदी उभा नाही बसला तरी आडव्यापेक्षा किमान १० अंश वर हवा, म्हणजे पाणी टोकाकडे न जाता खाली ओघळेल. टाकी आड येत असेल तर टाकी दोन इंच सरकवा, ते स्वस्त पडेल. फ्रिजला छपरावर सोलर पॅनल लावा. इंजिन चालू करायचंच तर पंचवीस-तीस मिनिटं रस्त्यावर काढा, पाइप आतून सुकतो.

सातपूर आर्गॉन
वेल्डिंगचं मी सांगतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीएमचा सॉकेट काढा, सेन्सर आधीच बाहेर. बॉस, म्हणजे सेन्सर बसवायची आट्यांची रिंग, एम १८ बाय १.५ चा मिळतो. वेल्डनंतर आटे ओढले जातात, म्हणून आटे साफ करायचा टॅप फिरवूनच सेन्सर लावा. २२चा पाना, ४० ते ५० न्यूटन-मीटर, पाइपावर लोंबकळून आवळायचा नाही. नव्याच्या आट्यांना जाम न होण्याची पेस्ट कंपनीच लावून देते, वरून थापली तर टोकाला लागते. वायर ताणून बसवू नका, आणि कापून झाळू तर नकाच. बऱ्याच सेन्सरना बाहेरची हवा वायरीच्या आतूनच मिळते. जुन्या भोकाला त्याच आट्याचा प्लग मारा, नुसता सिलिकॉन भरू नका.

गंगापूररोडचा भटक्या
टाकी सरकवायला जागा आहे, ब्रॅकेटच्या बोल्टची भोकं फक्त नव्याने पाडावी लागतील. सातपूरवाले, शनिवारी दुकान उघडं असतं का?

सातपूर आर्गॉन
शनिवारी लाइट नसते. रविवारी सकाळी आणा, पाइप थंड असतानाच.